वाचकांचे प्रश्न : टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा वर का चढतो?

प्रश्न : माझ्या १.८ लिटर टर्बो पेट्रोल सेदानला मी दिवाळीनंतर मोठा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा नळ) बसवला आणि रीमॅप (इंजिनच्या संगणकाची नवी जुळवणी) करून घेतला. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ४,५०० आरपीएमपर्यंत डायलवर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) १ बारवर स्थिर राहतो. पुढे मात्र तो १.२ पर्यंत चढतो आणि गाडी धक्का देऊन ओढ सोडते. स्कॅनरवर पी०२३४ हा (टर्बोचा दाब मर्यादेबाहेर गेल्याचा) कोड येतो आणि दाब २.१५ बार दिसतो. पहाटेच्या थंडीत हे हमखास होते. रीमॅप करणारा ट्यूनर सोलेनॉइड (टर्बोच्या दाबावर ताबा ठेवणारा विजेचा भाग) बदलायला सांगतो. बदलू का? आणि दोन आकड्यांपैकी खरा कोणता? – एक वाचक, पुणे

उत्तर : आकडे दोन्ही खरे आहेत. डायल हवेच्या नेहमीच्या दाबावरची वाढ दाखवतो, तर गाडीचा सेन्सर एकूण दाब मोजतो. पुण्यात हवेचा दाब सुमारे ०.९५ बार असल्याने बेरीज जुळते.

सोलेनॉइड इतक्यात बदलू नका. वेस्टगेट ही टर्बोची झडप हवेच्या दाबाने उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरची नळी निसटली, चिरली किंवा डायलसाठी तिला जोडलेल्या टी-जॉइंटमधून हवा गळत असली, तर दाब ३,००० आरपीएमच्या आसपासच उसळला असता. आपल्याकडे तो वरच्या आरपीएमला हळूहळू चढतो, म्हणजे वेस्टगेट उघडूनही पुरेसा धूर टर्बाइनला (धुराने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला) वळसा घालून बाहेर पडत नाही. डाउनपाइप मोकळा झाला की टर्बाइनच्या मागचा अडथळा कमी होतो आणि ती अधिक जोमाने फिरते, पण हाउसिंगमधले वेस्टगेटचे भोक मात्र पूर्वीइतकेच राहते. थंड हवा दाट असल्याने पहाटे ही तफावत वाढते.

खात्री करण्यासाठी सोलेनॉइडचा विजेचा कनेक्टर काढून मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा. लॅपटॉपवर दिसणाऱ्या दाबाच्या आकड्यांवर नजर ठेवायला सोबत दुसरी व्यक्ती हवी. चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो. आपल्या गाडीत बहुधा असलेल्या प्रकारचा सोलेनॉइड वीज नसताना सगळा दाब थेट अ‍ॅक्च्युएटरला देतो, त्यामुळे बूस्ट अ‍ॅक्च्युएटरच्या स्प्रिंगच्या मूळ दाबावरच थांबायला हवा. तरीही तो वरच्या आरपीएमला चढत राहिला, तर दोष यांत्रिक आहे आणि नवा सोलेनॉइड म्हणजे पैसे पाण्यात. नेहमीच्या लॉगमध्येही (आकड्यांच्या नोंदीत) हेच दिसेल : ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सोलेनॉइडची ड्यूटी (त्याला वीज देण्याचे प्रमाण) शून्याकडे नेत असतो आणि दाब तरीही वर जात असतो.

यानंतर डाउनपाइप उतरवून हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला हवा द्या आणि वेस्टगेटची झडप किती उघडते ते डोळ्यांनी पाहा. बाजारातल्या काही डाउनपाइपचे तोंड असे कापलेले असते की झडप अर्ध्यातच त्याच्या कडेला टेकते. तिथे घासल्याची चकचकीत खूण दिसली तर तेवढी कड घासून काढली की बहुतेकदा काम होते. खूण नसेल, झडप पूर्ण उघडत असेल आणि तिचा दांडा गंजून अडकतही नसेल, तर वेस्टगेटचे भोक मोठे करून घ्यावे लागेल, आणि ते काम टर्बो उघडणाऱ्या कुशल कारागिराकडेच द्यावे. काही जण सेन्सरला खोटा आकडा दाखवणारे यंत्र बसवून कोड दाबून टाकतात. मला हा उघड वेडेपणा वाटतो, कारण जादा दाब दिसताच ईसीयू ओढ तोडतो आणि आज पिस्टन वाचवतो आहे तो हा धक्काच. दुरुस्ती होईपर्यंत ४,००० आरपीएमच्या वर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका.