डोंगरमाथ्यावरून समुद्राकडे उतरणारी ६ किलोमीटरची पायवाट ४ आणि ८ वर्षांच्या मुलांना झेपेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्राला खेटून असलेल्या डोंगराळ उद्यानात दोन दिवस जायचंय, सोबत ४ आणि ८ वर्षांची मुलं आहेत, डोंगर चढायची सवय कुणालाच नाही. वरच्या वाहनतळापासून खालच्या पुळणीपर्यंत जाऊन-येऊन ६ किलोमीटर, उंचीत फरक ३०० मीटर, आणि फलकावर वेळ लिहिलाय २ तास. जावं का, आणि जायचं तर तयारी काय करावी?

आठ वर्षांच्या मुलाला जमेल. चार वर्षांच्याला पूर्ण वाट स्वतःच्या पायांनी जमेल असं धरून निघू नका. कारण अंतर नाही, वाटेचा आकार आहे. नेहमीच्या डोंगरात चढण आधी येते आणि थकलं की उतरून घरी येता येतं. किनाऱ्यावरच्या डोंगरात वाहन वर राहतं, पाणी खाली असतं. म्हणजे मूल ताजंतवानं असताना उतार आणि लाटांत तासभर खेळून, दमून, ओलं होऊन झाल्यावर ३०० मीटरची चढण. जाताना सगळं सोपं वाटतं, तिथेच मोठी माणसं फसतात. म्हणून बेत उलटा आखायचा: आधी परतीची चढण, मग भरती-ओहोटी, आणि त्यावरून निघायची वेळ.

फलकावरचे २ तास सवयीच्या मोठ्या माणसाचे आहेत. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: ५ किलोमीटरला १ तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. तुमच्या वाटेला तो लावला तर १ तास ४२ मिनिटं येतात, तीही न थांबता. लहान मूल सोबत असेल तर मी तासाला २ किलोमीटर धरते आणि दर १०० मीटर चढाईला २० मिनिटं वाढवते. त्यात दगड उचलणं, मुंग्या बघणं, पाणी पिणं सगळं आलं. म्हणजे उतरायला दीड तास, चढायला अडीच तास. पुळणीवरचा एक तास धरला की ५ तास. तुमच्या धाकट्याकडून सलग अडीच तास चढण होत नाही. साधारण निम्म्यावर तो बसतो आणि मग १६ किलो वजन कुणाच्या तरी पाठीवर येतं.

ते वजन घ्यायची तयारी असेल तर पाठीवरचं चौकटीचं कॅरियर न्या, पण त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा आधी वाचा. बऱ्याच कॅरियरच्या मर्यादेत मूल आणि खिशांतलं सामान दोन्ही धरलेलं असतं, काहींत कॅरियरचं स्वतःचं वजनसुद्धा. चार वर्षांचं मूल त्या मर्यादेच्या जवळ पोचलेलं असतं, तेव्हा पाण्याच्या बाटल्या दुसऱ्याच्या सॅकमध्ये जाऊ द्या. घरी निदान अर्धा तास जिने चढून-उतरून पाहा. पट्टा खांद्यावर ओढत असेल तर कमरेचा पट्टा खूप खाली किंवा सैल बसलाय. वजन कमरेवर यायला हवं. कॅरियर नको असेल तर वाटेचा पहिला एक तृतीयांश भागच करा, समुद्र दिसेल अशा पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत, आणि पुळणीवर दुसऱ्या दिवशी खालच्या रस्त्याने जा. मला विचाराल तर पहिल्या खेपेला हेच करा.

आता भरती-ओहोटी. ही गोष्ट बहुतेक लोक फक्त पोहणाऱ्यांची समजतात. पण कड्याखालची अरुंद पुळण भरतीत पूर्ण बुडते, आणि दोन टोकांच्या मधल्या खाचेत गेलेलं कुटुंब तिथेच अडकतं, कारण मागे कडा असतो आणि परतीची वाळू पाण्याखाली गेलेली असते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, तेव्हा त्या जागेचंच वेळापत्रक बघा, आणि ते जवळच्या बंदरासाठीचं असेल तर तिथली आणि तुमच्या पुळणीची वेळ थोडी वेगळी असू शकते हे लक्षात ठेवा.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे तर फारच कमी लोकांना ठाऊक असतं. ओहोटीनंतरच्या, म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतं त्या क्षणानंतरच्या, सहा तासांत ते तासागणिक एकूण वाढीच्या साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्शांनी वाढतं. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी १ मीटर. पहिल्या तासात 'अजून काही विशेष चढलं नाही' असं वाटतं आणि त्या भरवशावर माणसं बसून राहतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि पुढचे एक-दोन दिवस उधाणाची भरती असते, ती जास्त आत येते. समुद्राकडून जोरात वारा असेल तर त्याहून आत.

तुमच्या वाटेसाठी माझा नियम असा: ओहोटीच्या तासभर आधी पुळणीवर पोचायचं आणि ओहोटीनंतर पाव तासात चढायला लागायचं. ओहोटी साडेदहाला असेल तर ८ ला निघा, साडेनऊला खाली, पावणेअकराला परत, सव्वाला वर. ओहोटी दुपारी ४ ला असेल तर त्या दिवशी ही वाट करूच नका, माथ्यावरच फिरा. परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवा, ठिकाणावर नाही. साडेनऊला तुम्ही अजून वाटेतच असाल तर तिथूनच मागे वळा. हातातल्या वेळेचा एक तृतीयांशच उतरण्यात घालवायचा, बाकीचा चढणीसाठी आणि अडचणींसाठी.

पुळणीवर पोचल्यावर पाण्याजवळ जाण्याआधी १० ते १५ मिनिटं लाटा नुसत्या बघा. मोठ्या लाटा गटाने येतात, मधल्या वेळात समुद्र शांत भासतो. खडक कुठवर ओला आहे ते पाहा. ओला आणि काळपट दिसतो तिथवर लाट नक्की पोचते. त्या रेषेच्या वर मुलांना ठेवा. कड्याच्या पायथ्याशी सावली मिळते म्हणून तिथे बसू नका. वरून दगड सुटतात, पावसानंतर विशेष. पायथ्याशी ताजे, तीक्ष्ण कडांचे दगड पडलेले दिसले तर ती जागा सोडाच.

वर माथ्यावर उलटी काळजी. कड्याच्या धारेवरचं गवत खालून पोकळ असू शकतं, लाटांनी आणि पाझराने आतली माती निघून गेलेली असते. त्यामुळे धारेपासून किमान ५ मीटर, आणि वारा पाठीमागून समुद्राकडे वाहत असेल तर १० मीटर. अरुंद वाटेवर मूल डोंगराच्या बाजूला, मोठं माणूस दरीच्या बाजूला. हात धरताना बोटं धरू नका, मनगट धरा. बोटं घामाने निसटतात. दोन मोठी माणसं असतील तर एक पुढे, एक मागे, आणि आठ वर्षांच्याला पुढे पळायची मुभा फक्त दिसेल तिथवरच. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, हा नियम निघण्याआधीच ठरवून टाका. उतरताना घसारा लागला, म्हणजे सुटी खडी आणि मुरूम, तर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. मुलं टाचा रोवून, मागे झुकून उतरतात आणि म्हणूनच पार्श्वभागावर आपटतात. त्यांना छाती पुढे ठेवायला शिकवा.

हवेचं म्हणाल तर समुद्रावरची दमट हवा डोंगराला आदळून वर चढते, थंड होते आणि माथ्यावर ढग बनते. खाली लख्ख ऊन आणि वर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, असं होतं. उंचीच्या हिशेबाने तापमान १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी घटतं, म्हणजे तुमच्या ३०० मीटरना दोनच अंश. खरी थंडी वाऱ्याने वाजते. समुद्रवारा सकाळी उशिरा सुटतो आणि दुपारी जोर धरतो, खिंडीत तर दाबून येतो. कॅरियरमधलं मूल हलत नाही, त्यामुळे तुम्ही घामाने निथळत असताना ते गारठलेलं असू शकतं. हाताची बोटं तपासून कळत नाही, मानेमागे आणि छातीवर हात लावून बघा. पायही लोंबकळून बधिर होतात, दर अर्ध्या तासाने त्याला खाली उतरवा. प्रत्येकाला वारा अडवणारं एक पातळ जाकीट हवंच, आकाश निरभ्र असलं तरी. धुकं आलं की वाट सोडून 'जवळच्या' बाजूने जाऊ नका, एकमेकांच्या हातभर अंतरात राहा आणि आल्या वाटेने परत फिरा. वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के परावर्तित करते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. म्हणून टोपीखालीही हनुवटी आणि नाकाखालचा भाग भाजतो, तिथे सनस्क्रीन लावायचं राहून जातं.

पाणी चौघांना ५ तासांसाठी असं: धाकट्याला पाऊण लिटर, थोरल्याला १ लिटर, मोठ्यांना प्रत्येकी २. म्हणजे पावणेसहा लिटर, जवळजवळ ६ किलो. निम्म्याहून अधिक पाणी चढणीसाठी राखून ठेवा, कारण उतरताना तहान कमी लागते आणि मुलं बाटली खेळण्यात संपवतात. ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका, आणि मुखाजवळ तर ते खारटच असतं. खाऊ दर ३० ते ४० मिनिटांनी, भूक लागायच्या आधी. भूक लागलेलं मूल 'भूक लागली' म्हणत नाही, 'पाय दुखतात' म्हणतं.

आणि मोजे. ही या वाटेची सगळ्यात उपयोगाची सूचना आहे. मुलं पाण्यात खेळतात, मग ओल्या, वाळू लागलेल्या पायांत बूट चढवून चढायला लागतात. अर्ध्या तासात बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेवर फोड येतात, आणि चढण तिथेच संपते. एक कोरडा छोटा टॉवेल आणि चौघांना मोज्यांचा दुसरा जोड न्या. पाय गोड्या पाण्याने धुवा, बोटांमधली वाळू पुसा, बूट उलटे करून झटका, मग कोरडे मोजे. ओली चड्डीही बदला, मांड्या सोलवटतात. या सगळ्याला १५ मिनिटं लागतात, ती वरच्या वेळापत्रकात धरा, पावणेअकराला निघायचं तर साडेदहाला पाण्याबाहेर.

फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. कड्यांच्या आड सिग्नल नसतो आणि फोन तो शोधत राहून बॅटरी संपवतो, तेव्हा एअरप्लेन मोड लावा. जीपीएस त्यातही चालतं. कुठली वाट आणि किती वाजता परत, हे मागे राहणाऱ्या एखाद्याला सांगून निघा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी द्या: मदतीसाठी एका मिनिटात ६ वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. काही देशांत तीनदा वाजवतात, पण थांबून-थांबून वाजलेली शिट्टी कुठेही समजते. हरवलो असं वाटलं तर एका झाडाजवळ किंवा मोठ्या दगडाजवळ बसून राहायचं, शोधत फिरायचं नाही, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या. झुडपांतून गेला असाल तर परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या रेषेत गोचीड तपासा. लागलेलं असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका.

दुसरा दिवस सपाट ठेवा. उद्यानात खाडीकाठची किंवा फळ्यांची वाट असेल तर २ किलोमीटर पुरे. आदल्या दिवशीच्या उताराने पोटऱ्या आणि मांड्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुखतात, मुलांच्याही, आणि तुमच्या तर नक्कीच.