वाचकांचे प्रश्न : इमारतीची मुख्य केबल आणि तिची दोन टोकं

प्रश्न : आमच्या इमारतीत २० सदनिका, एक लिफ्ट आणि ५ एचपीचे दोन पंप आहेत. फीडर पिलरपासून (वीजपुरवठ्याच्या बाहेरच्या पेटीपासून) मीटर रूम ४५ मीटरवर. जुनी केबल बदलायची आहे. दुकानदार म्हणतो ७० स्क्वेअर एमएम (तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ) पुरेल, कंत्राटदार १२० सांगतो. त्याच चरातून शेजारच्या इमारतीची केबलही जाते. कोणती घ्यावी?
– गृहनिर्माण संस्थेचे सचिव, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ९५. आकडेमोड करून बघू. सदनिकेला ५ किलोवॅट धरले तर २० सदनिकांचे १०० होतात, पण सगळ्यांचे गीझर आणि इस्त्र्या एकाच वेळी चालत नाहीत. म्हणून निम्मे, ५० धरा. लिफ्ट ७.५, दोनपैकी एक पंप ३.७, जिना व पार्किंगचे दिवे २. झाले ६३. पुढे पार्किंगमध्ये गाड्यांचे चार चार्जर येणारच, प्रत्येकी ३.३ किलोवॅटचे. एकूण ७६. तीन फेजवर, ४१५ व्होल्टला आणि ०.९ पॉवर फॅक्टरला, दर किलोवॅटला साधारण १.५५ अँपिअर लागतो, म्हणजे ११८ अँपिअर. फेजवरचा भार कधीच सारखा वाटला जात नाही. एखाद्या फेजवर १३०-१३५ जाईल असं धरून चला.

अॅल्युमिनियमच्या एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलला जमिनीखाली ७० स्क्वेअर एमएमसाठी सुमारे १५५ आणि ९५ साठी सुमारे १८८ अँपिअर असे आकडे कंपन्यांच्या तक्त्यांत दिसतात. दुकानदार तेवढंच बघतो. पण हे आकडे चरात एकटी केबल आणि ३० अंश तापलेली जमीन धरून दिलेले असतात. शेजारी दुसरी भरलेली केबल चिकटून असली की ०.८ ने गुणायचं, जमीन ३५ अंश धरली तर आणखी ०.९६ ने. मग ७० ची क्षमता १२० च्या आत येते आणि ९५ ची १४४ उरते. व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलमध्ये होणारी व्होल्टेजची घट, ९५ ला ४५ मीटरवर चार-सव्वाचार व्होल्ट, म्हणजे एक टक्काच. तिथे अडचण नाही. १६० अँपिअरचा एमसीसीबी (मोठा मुख्य ब्रेकर) घ्या आणि त्याचं थर्मल सेटिंग, म्हणजे जास्त भार किती अँपिअरला धरायचा तो आकडा, १३६ च्या आसपास ठेवा. ब्रेकरचं सेटिंग केबलच्या क्षमतेच्या वर गेलं की तो केबलचं रक्षण करत नाही, फक्त पॅनलची शोभा वाढवतो. कंत्राटदाराची १२० वाया जाणार नाही, पण वर आणखी मजला चढणार असेल तरच तो खर्च करा.

खरेदी करताना शीथवर (केबलच्या आवरणावर) आयएस ७०९८ भाग १ हे भारतीय मानक, साइझ, वर्ष आणि मीटरचे आकडे छापलेले बघा. 'ए२एक्सएफवाय' म्हणजे अॅल्युमिनियम, एक्सएलपीई, पट्टीचं आर्मर (धातूचं चिलखत) आणि बाहेरून पीव्हीसी. तारेचं आर्मर असेल तर एफच्या जागी डब्ल्यू. दोन्ही टोकांना फेरा ठेवण्यासाठी ४५ ऐवजी ५२ मीटर अखंड घ्या, मध्ये जोड नको. चर पाऊण मीटर खोल, केबलच्या खाली-वर ७५ मिमी वाळू, त्यावर विटा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की केबलची उष्णता नीट बाहेर जाऊ देत नाही. तीच माती पुन्हा भरण्याऐवजी वाळूचा थर चोख घाला. या केबलचा व्यास सुमारे ४० मिमी असतो आणि वळण व्यासाच्या बारा पटींपेक्षा कमी त्रिज्येचं नको. मीटर रूमच्या दारातला चेंबर अरुंद बांधला की तिथेच केबल मोडतात.

प्रश्न : केबल साडेतीन कोअरची (तीन फेज आणि साधारण निम्म्या जाडीचा न्यूट्रल) घ्यायची की चार? दुकानं आणि ऑफिसं असलेल्या आमच्या संकुलात न्यूट्रल फेजपेक्षा जास्त गरम लागतो.
– शाहूपुरी

उत्तर : चार. साडेतीन कोअरच्या ९५ च्या केबलमध्ये न्यूट्रल फक्त ५० चा असतो. तिन्ही फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, या भरवशावर ही बचत उभी आहे. संगणक, एलईडी आणि यूपीएस तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा प्रवाह) सोडतात. तो रद्द होत नाही, तिन्ही फेजचा मिळून बेरजेने येतो. फेजमध्ये तो ३३ टक्के असला तर न्यूट्रलमध्ये पूर्ण फेजइतका प्रवाह वाहतो. आधी ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचाही खरा प्रवाह दाखवणाऱ्या) क्लॅम्प मीटरने न्यूट्रल मोजून घ्या. साधा मीटर इथे कमी दाखवतो. घरगुती इमारतीला साडेतीन कोअर चालते, पण न्यूट्रलचं लग (तारेच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, जो बोल्टने जोडतात) दोनदा तपासा. ते सुटलं तर एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊन घराघरांतले टीव्ही-फ्रीज जळतात.

प्रश्न : दोन वर्षांत मुख्य एमसीसीबीवरचं एक लग काळं पडलं, इन्सुलेशन कडक झालं. वायरमन केबलच खराब म्हणतो. टर्मिनेशन (टोकाची जोडणी) नीट कसं करायचं?
– वर्कशॉपचालक, उद्यमनगर

उत्तर : एकच लग काळं पडलं आणि बाकीची ठीक आहेत, म्हणजे केबल निर्दोष आहे. दोष त्या लगच्या पंचिंगचा (तारेवर दाबून बसवण्याचा) किंवा बोल्टचा.

आधी वीज बंद करून घ्या आणि टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करा. हे काम लायसन्सधारकाचंच. ग्लँड प्लेटपासून (केबल पॅनलमध्ये जिथून शिरते त्या प्लेटपासून) सर्वांत लांबच्या टर्मिनलपर्यंतची लांबी मोजा आणि वर १५० मिमी जास्त ठेवा. उद्या लग कापून पुन्हा पंच करायची वेळ आली तर हीच लांबी कामी येते. ग्लँड, म्हणजे त्या प्लेटमध्ये केबल घट्ट धरणारा भाग, डबल कम्प्रेशनचा घ्या. अंदाजाने नाही, व्हर्नियरने बाहेरच्या आणि आतल्या शीथचा व्यास मोजून. बाहेरची नट, रबर सील आणि क्लॅम्प रिंग आधीच केबलवर चढवा. हे विसरून मग केलेलं सगळं उसवावं लागतं, हा प्रकार फार वेळा होतो.

बाहेरची शीथ काढा. आर्मरच्या पट्ट्या हॅकसॉने अर्ध्याच जाडीपर्यंत कापा आणि वाकवून तोडा. आरपार कापायला गेलं की ब्लेड आतल्या शीथमध्ये उतरतं आणि ती खाच पुढे पाण्याला वाट देते. पट्ट्या ग्लँडच्या कोनच्या लांबीएवढ्याच ठेवून कोनवर सारख्या पसरवा, मग क्लॅम्प रिंग आवळा. ग्लँड जिथे बसतो तिथला पॅनलचा रंग खरवडा, नाहीतर आर्मरची अर्थिंग रंगावर अडकते. प्लेटच्या खाली ३०० मिमीच्या आत केबलला क्लॅम्प हवा. तिचं वजन ग्लँडवर नको.

आता लग. अॅल्युमिनियमच्या कोअर बहुतेक सेक्टर आकाराच्या, म्हणजे संत्र्याच्या फोडीसारख्या असतात. त्यांना आधी गोल करणारी डाय लावा. तारांवर वायर ब्रश मारून लगेच ऑक्साइडविरोधी पेस्ट लावा, कारण अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर काही क्षणांत चढतो आणि तो वीज अडवतो. तांब्याच्या बसबारवर (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीवर) किंवा टर्मिनलवर साधं अॅल्युमिनियम लग टेकवू नका. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या ओलाव्यात दोन धातूंचा सांधा खाल्ला जातो. बायमेटल (अर्धं अॅल्युमिनियम, अर्धं तांबं असं) लग घ्या. पंच हायड्रॉलिक मशीनने, त्या साइझच्या डायने, लगच्या चपट्या पट्टीच्या बाजूने सुरू करून, तार शिरते त्या तोंडाकडे या. छिन्नी-हातोड्याने दाबलेलं लग दिसायला घट्ट असतं, पण आत पोकळी राहते. लग लहान पडलं म्हणून चार तारा कापून बसवण्याची युक्ती तर थेट आगीची तयारी आहे.

बोल्ट एमसीसीबीबरोबरच्या कागदावर दिलेल्या टॉर्कने, टॉर्क रेंचने आवळा. लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये वॉशर नको. तो फक्त नटच्या बाजूला. एका बोल्टवर दोन लगही नकोत. दर महिन्याला जोर लावून आवळत बसू नका, मऊ अॅल्युमिनियम पसरत जातं. त्यापेक्षा पूर्ण लोडवर तापमानाच्या गनने तिन्ही लग बघा. एखादं बाकी दोघांपेक्षा १०-१५ अंशांनी जास्त असेल तर तेच उघडायचं. तुमच्या बाबतीत तारा चकचकीत आणि इन्सुलेशन मऊ लागेपर्यंत मागे कापा, मग नवं लग.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरात मीटर रूम बुडाली होती. तीच केबल वापरावी का?
– कुंभार गल्ली

उत्तर : मधली केबल पाण्याला फारसं दाद देत नाही, पावसाळाभर ती ओल्या मातीतच असते. पाणी शिरतं ते टोकातून, आणि तारांच्या फटींतून आत चढत जातं. महावितरणकडून पुरवठा तोडून घ्या, दोन्ही टोकं मोकळी करा आणि १००० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) कोअर-कोअर आणि कोअर-आर्मर असं एकेक मिनिट मोजा. एवढ्या लांबीची निरोगी केबल शेकड्यांनी मेगओहम दाखवते. एक मेगओहमच्या खाली असेल तर चालू करूच नका. रीडिंग कमी आलं तर भिजलेलं टोक ३०० मिमी कापा, तारा कोरड्या आहेत का बघा, पुन्हा मोजा. लग आणि ग्लँडमधली रबर रिंग नवीच घाला. बुडालेला एमसीसीबी वाळवून वापरू नका, बदला. मीटर बोर्ड पुराच्या सर्वांत वरच्या खुणेच्या वर न्या. जमिनीखालचा पाइप मीटर रूमच्या टोकाला सीलंटने बंद करा. बरेचदा पाणी दारातून नाही, त्या पाइपातून येतं.

प्रश्न : आर्मर एका टोकाला अर्थ करायचं की दोन्ही?
– गोकुळ शिरगाव

उत्तर : मल्टिकोअरचं दोन्ही टोकांना, ग्लँडच्या अर्थ टॅगवरून. तरीही मुख्य अर्थसाठी जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी वेगळी टाका. सिंगल कोअर केबल टाकणार असाल तर नियम बदलतो. लोखंडी आर्मर असेल तर त्यातच उष्णता तयार होते, म्हणून अॅल्युमिनियमच्या तारांचं आर्मर मागा. ग्लँड प्लेटही पितळेची किंवा अॅल्युमिनियमची, आणि तिन्ही फेज व न्यूट्रल एकाच प्लेटमधून.