टॉवर पाऊस मोजतो तो कसा?

प्रश्न : जोराची सर आली की आमच्या डिशचं चित्र गोठतं. मोबाइल टॉवरवरून पाऊस मोजतात असं वाचलं. खरं का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : खरं आहे, आणि तुमचं गोठलेलं चित्र हा त्याचाच नमुना. टॉवरवर ढोलासारख्या पांढऱ्या अँटेना दिसतात ना, त्या एका टॉवरचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवतात. मी त्यांच्याच कामात केस पांढरे केले. त्यांची 20-30 गिगाहर्ट्झची रेडिओलहर जेमतेम एक-दीड सेंटीमीटर लांबीची. पावसाचे थेंब तिला शोषतात, विखुरतात. सर जितकी दाट, तितकी सिग्नलमधली घट जास्त, आणि लहरींच्या या पट्ट्यात तर जवळपास समप्रमाणात. आम्हाला ती निव्वळ कटकट वाटायची. तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की त्या घटीवरून पाऊस काढता येतो. 2013 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी सुमारे 2400 लिंकवरून (लिंक म्हणजे दोन टॉवरमधला असा दुवा) देशभराचे पाऊसनकाशे केले. पर्जन्यमापक एकाच जागेचं सांगतो, लिंक दोन टॉवरमधल्या अख्ख्या वाटेची सरासरी देते.

तुमच्या हातातल्या फोनची लहर मात्र कितीतरी लांब. तिला पाऊस फारसा जाणवत नाही. रेंज गेली तर उगाच थेंबांना दोष देऊ नका!

अडचणीही आहेत. छोट्या लिंकला रिमझिम कळत नाही. अँटेना भिजली की तिच्यावरचं पाणीही सिग्नल खातं आणि पाऊस आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तेवढी वजावट करावीच लागते.