कॅम्पर व्हॅनची बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही. दुसरी बॅटरी घ्यावी की सोलर पॅनल वाढवावं?

भाऊ, आत्ता दोन्हीपैकी काहीच घेऊ नका. ट्रॅव्हलरमध्ये १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती लेड-ॲसिडची, १००० वॅटचा इन्व्हर्टर, छतावर २०० वॅटचं पॅनल, त्यावर घरचा छोटा फ्रिज आणि दोन पंखे. पहाटे इन्व्हर्टर बोंबलतो आणि तोरणमाळला तर सकाळी गाडीच सुरू झाली नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी जळगावला गाड्यांचं वायरिंग करतो. तुमची अडचण बहुतेक जोडणीत आहे आणि थोडी हिशोबात.

गाडी सुरू न होण्याचं आधी, कारण घाटात लेकरंबाळं सोबत असताना त्याहून वाईट काही नाही. इंजिनची आणि मागची बॅटरी थेट वायरने जोडलेली असणार. दिवसा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) दोन्ही भरतो, रात्री फ्रिज दोन्ही रिकाम्या करतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर टाका, म्हणजे इंजिनच्या बाजूने वीज घेऊन मागची बॅटरी नीट व्होल्टेजवर भरणारा. साधी रिले (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) स्वस्त पडते, जुन्या गाड्यांत चालतेही. पण बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज कमी करतो, मग रिले सुटते आणि मागची बॅटरी अर्धवट राहते. ३० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण ४०० वॅट-अवर देतो. दोन तास गाडी चालली तरी पंख्यांची रात्र निघून वर उरतं.

आता हिशोब. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत गेलात तर लवकर मरते, म्हणून हातात ९०० धरा. त्यातून नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टरच १५-२० वॅट खातो, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या वर! वर घरचा फ्रिज. त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. तो काढा आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज थेट बॅटरीवर घ्या. साधारण ५० वॅटचा असतो, मे महिन्यात दिवसाचे चौदा तास चालला तरी ७००. पंखेही १२ व्होल्टचेच लावा. इन्व्हर्टर फक्त लागेल तेव्हा, लॅपटॉप-मिक्सरपुरता. इंडक्शन आणि एसी या बॅटरीवर विसरा.

पॅनलबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे की खान्देशचं ऊन म्हणजे वीजच वीज. भुसावळला पारा ४५ वर गेला की छतावरचं पॅनल ६५-७० अंशांवर तापतं आणि २५ अंशांवरच्या प्रत्येक अंशाला जवळपास ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे सहावा-सातवा हिस्सा उष्णतेतच गेला. पॅनल छताला चिकटवलं असेल तर खाली दोन-तीन इंच हवा खेळू द्या. आणि गाडी कडुनिंबाखाली लावली तर पॅनलकडून काही मागू नका.

इन्व्हर्टरच्या बोंबलण्यामागे मला वायरचाच संशय जास्त आहे. १००० वॅटला १२ व्होल्टवर ८३ अँपिअर लागतात, इन्व्हर्टरमधली गळती धरून पंचाण्णवच्या आसपास. घरच्या वायरिंगची २.५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर इथे तापते. एक करून बघा: मोठा लोड चालू करून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं इन्व्हर्टरच्या प्लसवर धरा, मग मायनसला तसंच. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरी चांगली असूनही इन्व्हर्टरला ती रिकामी वाटते. वायरच्या टोकाचा लग (धातूची कडी) पक्कडीने दाबलेला असेल तर तिथेच वायरचं आवरण तपकिरी, कडक झालेलं सापडेल. ३५ स्क्वेअरची तांब्याची वायर घ्या, जमेल तितकी आखूड, लग क्रिंपिंग मशीनवर दाबून घ्या आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा. फ्यूजशिवाय झोपू नका, मनापासून सांगतो. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ती झोपायच्या जागेत उघडी असेल तर बंद पेटीत ठेवा आणि पेटीच्या वरच्या बाजूने गाडीबाहेर नळी काढा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाही तरी. रावेर-यावलकडे केळीच्या मळ्यात मुक्काम केलात तर मोटारीच्या पेटीतून गाडीला वायर घेऊ नका. तिथे थ्री-फेज असते, दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट, आणि न्यूट्रल बऱ्याचदा जमिनीत ठोकलेल्या सळईवर भागवलेला. गाडी रबरी टायरवर उभी. बॉडीत करंट उतरला तर ओल्या मातीवर पाय ठेवून दार धरणारा माणूस त्याची वाट बनतो. घरातल्या नीट अर्थिंग असलेल्या सॉकेटवरूनच घ्या आणि गाडीत आत शिरतानाच ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) ठेवा.

मल्टीमीटरचे ते दोन आकडे, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर बॅटरीचं व्होल्टेज, आणि इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका. १२.२ च्या खाली किती वाजता जाते ते कळलं की लिथियम बॅटरी परवडेल का, ते नक्की सांगता येईल.