बागेच्या मालकाचा होकार म्हणजे अभयारण्याचा परवाना नव्हे

डिचोलीच्या एका वाचकाचं पत्र आहे. नऊ जणांचा गट सहा वर्षं दर रविवारी सत्तरीतल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, ऑफ-रोड बाइक चालवत होता. वाट म्हादई अभयारण्याच्या हद्दीतल्या एका काजूच्या बागेतून वर चढते. बागेच्या मालकाने ‘खुशाल या’ म्हटलं होतं आणि तो बाइकमागे शंभर रुपये घेत असे. मे महिन्यात वन खात्याने वाटेवर चर खणला, साखळी लावली, दोन बाइक जप्त केल्या आणि चौघांचे जबाब नोंदवले. याला सात आठवडे झाले. वाचकाचा प्रश्न असा: खासगी बागेतून मालकाच्या परवानगीने जाणाऱ्याला वन खातं अडवू शकतं का, आणि ही ट्रेल परत कशी मिळवायची? सांगे आणि काणकोणहूनही अशीच पत्रं येतात. अभयारण्याचं नाव बदलतं, युक्तिवाद तोच असतो.

म्हणून मुद्द्यावरच येतो. तुमचं प्रकरण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ वर उभं आहे, आणि त्यातही एकाच खंडावर. अभयारण्यात परवान्याशिवाय कोणाला जाता येतं, ते या कलमात मोजून सांगितलं आहे: कामावर असलेला लोकसेवक, मुख्य वन्यजीव वॉर्डनने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने आत राहण्याची परवानगी दिलेली व्यक्ती, आतल्या स्थावर मालमत्तेवर हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणारी व्यक्ती, आणि पहिल्या तिघांवर अवलंबून असलेली माणसं. यादी इथेच संपते. तुम्ही बोट ठेवलं आहे ते मालमत्तेवर हक्क असलेल्या व्यक्तीवर. पण ती व्यक्ती म्हणजे बागेचा मालक. कायद्याने त्याला स्वतःच्या बागेत जायची मुभा दिली आहे, पाहुणे घेऊन जायची नाही. त्याची बायको-मुलं ‘अवलंबित’ या शब्दात बसतात. शंभर रुपये देऊन येणारे नऊ मित्र त्यात बसत नाहीत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय, खातं अडवू शकतं.

मालकाकडून ‘मी परवानगी दिली होती’ असं प्रतिज्ञापत्र करून घ्यायचा तुमचा बेत आहे. ते कृपा करून दाखल करू नका. त्याने तुमचा बचाव होणार नाहीच, उलट त्या माणसावर कलम ५२ खाली गुन्ह्याला साहाय्य केल्याचा आरोप येण्याची वाट मोकळी होईल, आणि पैसे घेतल्याचा उल्लेख झाला तर अधिकच. तुमच्या रविवारच्या हौसेपायी सत्तरीतल्या एका शेतकऱ्याला कोर्टाच्या फेऱ्या मारायला लावू नका.

शिवाय तो खरोखर मालक आहे का, हेही तुम्ही सहा वर्षांत पाहिलेलं नाही. सत्तरीत पिढ्यानपिढ्या काजू लावून खाणाऱ्या असंख्य कुटुंबांचं नाव जमिनीच्या कागदावर नाही. तिथे सरकारचं, मोकाशाचं (जुन्या इनामदाराचं) नाहीतर भलत्याचंच नाव असतं. वाळपईला मामलेदार कार्यालयातून त्या सर्व्हे नंबरचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, काढा. गोवा जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ नुसार उताऱ्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. नाव नसेल तर ज्या हक्कावर तुम्ही विसंबलात तो त्या माणसालाच आधी सिद्ध करावा लागेल.

तुमच्या बाजूने एकच गोष्ट निघू शकते, ती म्हणजे हद्द. पणजीच्या भू-सर्वेक्षण व भूमी अभिलेख संचालनालयातून त्या सर्व्हे नंबरचा आणि लगतच्या नंबरांचा नकाशा घ्या, अभयारण्याच्या अधिसूचनेतलं हद्दीचं वर्णन राजपत्रातून काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. अधिसूचनेत हद्द ओहोळ, डोंगराची धार, गावाची शीव अशा खुणांनी सांगितलेली असेल तर मोजणीदाराशिवाय हे काम होत नाही. मोबाइलवरच्या नकाशातली हिरवी रेघ हा पुरावा नाही. पंचनाम्यात जिथे बाइक पकडली असं लिहिलं आहे, तो बिंदू हद्दीबाहेर पडला तर कलम २७ गळून पडतं. आत असेल तर ते तुमच्या विरुद्ध आहे.

वाटेचा काही भाग नकाशावर सार्वजनिक रस्ता म्हणून दिसत असेल तर थोडा युक्तिवाद करता येईल. पण कलमात हमरस्त्याने ‘पार जाणं’ आहे. चोर्ला घाटाच्या रस्त्याने बेळगावला जाणारा पार जातो. सड्यावर चढून तासभर गोल फेऱ्या मारणारा पार जात नाही. आणि ‘आम्ही सहा वर्षं जातोय’ या वाक्याचा कायद्यात काही उपयोग नाही: सरकारी जमिनीवर वहिवाटीने वाटेचा हक्क मिळवायचा तर ३० वर्षं लागतात, आणि अभयारण्याच्या अधिसूचनेनंतर वारसा सोडला तर नवा हक्क निर्माण होत नाही, असं कलम २० स्पष्ट सांगतं. म्हादई अभयारण्य १९९९ चं आहे. तुम्ही सुरुवात केलीत तेव्हाच उशीर झालेला होता.

अंतिम अधिसूचना झालेली नाही, हक्क निश्चित व्हायचे आहेत, म्हणून बंदी लागू नाही, असंही तुम्ही दीड पान लिहिलं आहे. यावर मी ठाम मत देणार नाही. २००३ पासून अंमलात असलेल्या कलम १८ए नुसार, राखीव जंगलाबाहेरच्या जमिनीवर अभयारण्याचा नुसता इरादा जाहीर झाला तरी कलम २७ ते ३३ए लगेच लागू होतात. त्याआधीच्या अधिसूचनेला हे किती लागतं, यावर वाद घालता येईल. पण तो वाद हक्क मागणाऱ्यांचा आहे, हौशी बाइकस्वारांचा नाही. कलम २१ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या जाहीरनाम्यापासून दोन महिन्यांत दावा करायचा असतो. पहिल्या अधिसूचनेपासून दोन वर्षांत हे काम संपवावं असं कलम २५ए म्हणतं, आणि नाही संपलं तरी अधिसूचना रद्द होत नाही, असंही तेच कलम म्हणतं. या एका तरतुदीमुळे माणसांचं आयुष्य जातं. १९९९ च्या अभयारण्यातल्या वनवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा, असं २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला सांगावं लागलं, व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याच्या आदेशासोबत. ते प्रकरण नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांची घरं आणि बागा आत आहेत ते अजून थांबलेत. त्यांच्या रांगेत तुमची ट्रेल घुसवू नका.

आता ज्याची तुम्हाला खरी काळजी वाटायला हवी आणि पत्रात ज्याला एकच ओळ मिळाली आहे, तो पंचनामा. चौघांनी ‘दोन पानी कागदावर सह्या केल्या, वाचला नाही’ असं तुम्ही लिहिता. वन अधिकाऱ्यापुढचा जबाब पोलिसांपुढच्या कबुलीसारखा निकामी होत नाही. ठरावीक दर्जाच्या अधिकाऱ्याने आरोपीच्या समक्ष नोंदवलेला पुरावा कलम ५०(९) खाली खटल्यात ग्राह्य धरला जातो. प्रत आजच मागा, लेखी अर्जाने, पोच घेऊन. आणि त्यात एवढंच पाहा: फक्त ‘विनापरवाना प्रवेश’ लिहिलं आहे, की ‘अधिवासाचं नुकसान’ किंवा घरट्याचाही उल्लेख आहे?

फरक मोठा आहे. नुसता प्रवेश म्हणजे कलम २७, आणि शिक्षा कलम ५१ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अधिवासाचं नुकसान म्हणजे कलम २९. शिक्षेचं माप तेच, पण न्यायालयाची नजर वेगळी. घरट्याचा उल्लेख असेल तर मात्र पायाखालची जमीन सरकते. या अधिनियमातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही येतं, आणि अभयारण्यातल्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. टिटवी सड्यावर उघड्या दगडांतच अंडी घालते, तीही नेमकी उन्हाळ्यात. तुम्हाला ती दिसली नसतील; टायरला तर दिसतच नाहीत. हेतू नव्हता हा बचाव तिथे उपलब्ध आहे, पण तो खटल्यात मांडायचा बचाव आहे, नाक्यावर मांडायचा नव्हे.

‘सड्यावर काही उगवतच नाही, नुकसान कसलं?’ असं तुम्ही विचारता. हे वाक्य न्यायालयात उच्चारू नका. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो. गाठीच्या टायरने तो एकदा कापला की पहिल्या पावसात त्या चाकोरीतून पाणी धावतं आणि माती सड्याच्या कडेवरून खाली जाते. दुसऱ्या वर्षी तीच चाकोरी घळ होते. सीतेची आसवं, गेंद यांचं बी त्याच थरात उन्हाळाभर पडून असतं, आणि खळग्यांत साचणाऱ्या पाण्यात बेडकांची पिल्लं वाढतात. मे महिन्यात जे ओसाड दिसतं ते मेलेलं नसतं. वन खात्याने चाकोऱ्यांचे फोटो लावले असतील तर त्यांना उत्तर देणं कठीण आहे.

बाइककडे येऊ. सात आठवडे तुम्ही ‘साहेब सोडतील’ म्हणून थांबलात आणि दोन्ही गाड्या नाक्यावर पावसात उभ्या आहेत. साहेब सोडणार नाहीत; अर्ज तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. कलम ३९(१)(डी) मुळे जप्त वाहन सरकारचं झालं, असं तुम्हाला सांगण्यात आलं असेल. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की केवळ जप्तीने वाहन सरकारचं होत नाही आणि खटला चालू असताना ते तात्पुरतं सोडण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार अबाधित आहे. तेव्हा तो अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ मध्ये होता, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये आहे. नव्या कलमात वस्तू न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचं वर्णन तयार करणं, फोटो काढणं आणि त्यानंतर ३० दिवसांत तिच्याबद्दल आदेश देणं ही मुदतही आहे. तेव्हा पहिला प्रश्न: गाड्या न्यायालयापुढे दाखवल्या गेल्या का? वनाधिकाऱ्याने जप्त वस्तू विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे न्यायच्या असतात. नेल्या नसतील तर अर्जाचं पहिलं वाक्य तेच असू द्या. जप्ती वनकायद्याखालीही दाखवली असेल आणि सरकारजमा करण्याची कार्यवाही सुरू झाली असेल, तर वाट वेगळी आणि जास्त अवघड आहे. म्हणून जप्तीच्या मेमोवरची कलमं वाचल्याशिवाय अर्ज लिहू नका.

जप्त झालेल्या दोघींपैकी दोनशे सीसीच्या नोंदणीकृत गाडीसाठी आरसी, विमा, ओळखपत्र आणि सुपुर्दनामा पुरेल; न्यायालय जातमुचलका आणि गाडी न विकण्याची अट घालेल. दुसरी, आयात केलेली डर्ट बाइक मात्र नोंदणीच नसलेली आहे. तिच्या मालकीसाठी खरेदीचं बिल आणि सीमाशुल्काचे कागद लागतील. ती सुटली तरी टेम्पोत घालून न्या. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि ती डिचोलीहून सड्यापर्यंत कशी आली, हे कोणीतरी विचारणारच.

कलम ५४ खाली तडजोड शक्य आहे, रक्कम पाच लाखांपर्यंत असू शकते, पण किमान कैद असलेल्या गुन्ह्यात तडजोड होत नाही. पंचनाम्यातला तो घरट्याचा शब्द इथे पुन्हा आडवा येतो. नुसत्या प्रवेशाचं प्रकरण असेल तर मी तडजोडीकडे झुकेन. मात्र पैसे भरल्यावर माणसावरची कारवाई थांबते, एवढंच कलमात आहे. गाडीचं काय, हे आदेशात लिहून घेतल्याशिवाय भरू नका. आणि इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ, राइडचे जीपीएस ट्रॅक आता पुसू नका. ते टाकणं हा निष्काळजीपणा होता, पुसणं हा पुरावा नष्ट केल्याचा स्वतंत्र आरोप होईल.

ट्रेल परत मिळण्याबद्दल: कलम २८ चा परवाना अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार यांसाठी मिळतो. साहसी खेळ त्यात नाही. पर्यटनात बसवायचा तर पणजीत आल्तिनोला मुख्य वन्यजीव वॉर्डनकडे अर्ज करून पाहा, पण नकार येईल असं धरून चाला, आणि सड्यावर तो नकार योग्यही ठरेल. त्यापेक्षा अभयारण्याबाहेर खासगी जमीन भाड्याने घ्या, या वेळी लेखी कराराने. आधी एक-चौदा पाहा, कोमुनिदादची (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर तिचा ठराव घ्या, आणि जमीन खासगी वनाच्या निकषात येते का ते तपासा: तीन-चतुर्थांश झाडं वन-प्रजातींची, छत्रघनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेल्या जमिनीचं प्रमाण) ०.४ किंवा जास्त, आणि क्षेत्र किमान पाच हेक्टर किंवा सरकारी जंगलाला लागून. बंद खाणीच्या खड्ड्यात जाऊ नका. जागा कोणाची ते कळत नाही आणि कडा ढासळतात. किनाऱ्याचा विचारही नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदेशीर आहे, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवाचं घरटं चाकाखाली आलं तर वर सांगितलेली ‘शिकार’ची व्याख्या तिथेही लागते.

या आठवड्यात तीन अर्ज करा: जबाब व पंचनाम्याच्या प्रतीचा, एक-चौदाच्या उताऱ्याचा आणि गाड्या सोडवण्याचा. शेवटच्या अर्जासोबत गाड्या उघड्यावर भिजत असल्याचे फोटो, तारखेसह, जोडा.