आजीचं सूप आणि साठ कागद

तुमचे प्रश्न, चित्रकलेच्या मास्तरांची उत्तरं

प्रश्न : सर, माझी आजी ओसरीत तांदूळ पाखडते, त्याचा सहा सेकंदांचा व्हिडिओ मी मोबाइलवर घेतला. सोबत पाठवते आहे. त्यावरून हाताने काढलेलं ॲनिमेशन करायचं आहे. मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो म्हणे, म्हणजे १८० कागद झाले! घरी कॉम्प्युटर नाही आणि लाइनीचा भरवसा नाही. त्यात कॉलेजातले एक दादा म्हणतात, व्हिडिओवरून छापणं म्हणजे चित्रकलाच नाही. काय करू?
— एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : दादांचं आधी उरकतो. या पद्धतीला रोटोस्कोप म्हणतात. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर नावाच्या माणसाने १९१५ च्या सुमारास त्याचं यंत्र बनवलं आणि १९१७ साली त्याला पेटंट मिळालं. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून कॅमेऱ्यासमोर नाचला. ती फिल्म एकेक चौकट, म्हणजे एकेक चित्र, करून काचेवर पाडायची आणि वरच्या कागदावर गिरवायची, असा तो कारभार. त्यातून कोको नावाचा विदूषक जन्मला. तेव्हा दादांना सांग, हा गुन्हा शंभर वर्षांहून जुना आहे. आणि छापणं इतकं सोपं वाटत असेल तर आजीच्या लुगड्याच्या निऱ्या साठ कागदांवर गिरवून दाखवा म्हणावं.

मी स्वतः यात तोंडघशी पडलो आहे. नव्वदच्या दशकात पोळ्याच्या दिवशी आमच्या बैलजोडीची चाल एका मित्राने कॅसेटवर घेतली होती. मी व्हीसीआर पॉज करून टीव्हीच्या काचेवर बटर पेपर चिकटवला आणि गिरवायला बसलो. पॉज केलेलं चित्र थरथरायचं, काच मधोमध फुगीर, त्यामुळे बैल कडेला गेला की गाभण गाय दिसायचा. तरी चाळीसेक कागद झाले. एकावरही नंबर टाकला नव्हता. तोवर पुढचा मे महिना आलेला, समोर कूलर. एका झोतात सगळे कागद खोलीभर झाले. पुढचा पाय कुठला आणि मागचा कुठला, हे लावायला दोन दिवस गेले. म्हणून चित्राआधी कोपऱ्यात आकडा टाक. कूलरसमोर तर बसूच नकोस. वाऱ्याचं सोड, त्याच्या दमट हवेने बटर पेपर पापडासारखा वाकडा होतो.

आता तुझी क्लिप. संध्याकाळच्या उजेडात घेतल्यामुळे जिथे हालचाल आहे तिथेच, म्हणजे सुपाची कड आणि आजींची बोटं, सगळं धूसर आलं आहे. ते गिरवता येणार नाही, अंदाजाने काढावं लागेल. सकाळी आठ-नऊच्या उन्हात अंगणात पुन्हा घे. उन्हात कॅमेरा क्षणभरच उघडतो, कडा स्वच्छ येतात. मोबाइल हातात धरू नकोस, विटेला टेकवून ठेव. आजी म्हणतील, "काय करून राहिली वं पोरी, तांदूळ त् कधीचा पाखडून झाला." पायलीभर आणखी घे म्हणावं.

१८० चा धसका घेऊ नकोस. प्रत्येक तिसरी चौकट घेतलीस की सेकंदाला दहा, सहा सेकंदांना साठ. सेकंदाला बारा चित्रं असावीत असं तुला कोणी सांगेल. तो हिशोब सिनेमाच्या २४ चौकटींवरून आलेला आहे. तीसला बाराने भाग जात नाही. कधी दुसरी, कधी तिसरी चौकट उचलावी लागते आणि सूप मध्येच अडखळल्यासारखं दिसतं. दहाची चाल थोडी खडबडीत वाटेल, पण पाखडण्याला ती शोभते.

शिवाय पाखडणं हे आवर्तन आहे. सूप वर जाऊन परत खाली यायला सेकंदभर लागत असेल तर एका झेपेची चित्रं दहाच. दोन वेगवेगळ्या झेपा काढ, म्हणजे वीस झाले. त्या आलटून पालटून फिरव. एकच झेप फिरवलीस तर आजी पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारख्या दिसतील. मग त्या वाकून कोंडा फुंकतात, ते दीड सेकंदाचं, पंधरा चित्रं. पस्तिसांत सगळं बसतं. पण तुझा आकडा साठच धरू, कारण पहिले पंचवीस तू फाडणार आहेस.

चौकटी वेगळ्या करायला तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला गाठ. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हे व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात 'दर तिसरी चौकट जतन कर' अशी सोय असते. छापून घेताना रंग फिका ठेवायला सांग, नाहीतर तुझी पेन्सिल काळ्यावर काळी दिसेल. मोबाइलच्या स्क्रीनवरच कागद ठेवून गिरवू नकोस. पातळ कागदातून बोटाचा स्पर्श स्क्रीनला लागतो आणि चित्र पळतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली. छपाईयंत्र प्रत्येक कागद सुतभर इकडे-तिकडे ओढतं. म्हणून कागदाच्या कडा जुळवून गिरवलं तर आजीचं अख्खं घर हलतं. जुन्या खिडकीची काच घे, तिच्यावर पेनाने चार कोपऱ्यांच्या खुणा कर आणि छापलेल्या चित्राचे कोपरे त्या खुणांवर बसव, मग चिकटपट्टी लाव. कागदाच्या कडांकडे बघूच नकोस. बटर पेपरला मात्र ऑफिसच्या पंचिंग मशीनने दोन भोकं पाड आणि काचेशेजारच्या फळीवर दोन खिळे ठोकून त्यांत अडकव. काचेखाली दोन विटा, मधे एलईडी बल्ब आणि त्यावर पांढरं प्लास्टिक, म्हणजे उजेड पसरतो. लाइन गेली तर तीच काच दिवसा खिडकीला टेकवायची.

गिरवताना एक-दोन-तीन असं ओळीने जाऊ नकोस. आधी सूप सगळ्यात वर असलेलं आणि सगळ्यात खाली असलेलं चित्र काढ, मग मधली. आणि एका बसण्यात एकच गोष्ट. आज सगळ्या कागदांवर फक्त सुपाची कड, उद्या हात, परवा चेहरा. एकेक चित्र पुरं करत गेलीस तर विसाव्या चित्रापर्यंत आजीचं नाक बदललेलं असतं.

निऱ्यांच्या मागे लागू नकोस. पदराची एक रेघ आणि गुडघ्याची एक रेघ पुरते. मनगटावरचं गोंदण मात्र सोडू नकोस. हात फिरला की ते कसं दिसतं-लपतं, त्यावरून बघणाऱ्याला हाताची गोलाई कळते. चेहऱ्यावर जितक्या रेघा जास्त तितक्या आजी रागावलेल्या दिसतील. तांदूळ गिरवायचाच नाही. दाणा न् दाणा काढायला गेलीस तर पुढची सुगी येईल. क्लिप थांबवत थांबवत एवढंच बघ, की जड दाणे वर जाऊन सुपातच परत पडतात आणि हलका कोंडा पुढे उडून जातो. दाण्यांचा एक पुंजका वर जाताना, पसरताना, पडताना, आणि कोंड्याचे मोकळे ठिपके. बस.

भिंत, उखळ, तुळशीचा ओटा एकाच कागदावर एकदाच काढ. आजी जिथे हलतात तिथली जागा कोरी सोड, नाहीतर उखळ त्यांच्या पोटातून दिसेल. शेवटी मोबाइलने एकेका चित्राचा फोटो काढताना हा कागद खाली, झेपेचा वर.

आजी थांबलेल्या असतील तिथे एकच चित्र धरून ठेवू नकोस, ते मेल्यासारखं दिसतं. तेच चित्र तीनदा गिरव आणि तिन्ही फिरव. रेघ उकळल्यासारखी किंचित थरथरते, माणूस जिवंत वाटतो.

सगळे फोटो एकाच बैठकीत. दिवसा ढग येतात, रात्री व्होल्टेज खाली-वर होतं, दोन्हींनी चित्र लुकलुकतं. स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की बहुतेक मोबाइलवर उजेडाचं माप बांधलं जातं, मोबाइल ते मधेच बदलत नाही; ते आधी कर.

प्रश्न : सर, आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातल्या एका नाचाची क्लिप प्रेक्षकांत बसून घेतली. तिच्यावरून असंच करता येईल का?
— एक वाचक, देसाईगंज (वडसा)

उत्तर : येईल, पण कष्ट वाया जातील. रात्रीचे रंगीत दिवे, लांबून घेतलेलं चित्र, मधे कोणाची तरी टोपी. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की वडशातच कंपनीच्या ऑफिसात जा, नाचणाऱ्या ताईंना विचार आणि दिवसा तालमीत दहा सेकंद घे. त्या हो म्हणाल्या तरच. आणि तयार झालेलं सगळ्यांत आधी त्यांना दाखव.