डेकखालच्या मांजरांसाठी थंडीत पाणी: मिनेसोटात काय चालतं, काय नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: यंदाच अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहायला आलात, डेकखाली (घराला जोडलेल्या लाकडी ओट्याखाली) दोन मांजरं येतात, पाणी ठेवलं की तासाभरात त्याचा दगड होतो. पक्षी, खारी, सशांसाठीही ठेवावं का? आणि साखर, मीठ, पिंगपाँगचा बॉल वगैरे जे उपाय वाचायला मिळतात ते खरे का?

आपल्याकडे पाण्याचं मातीचं भांडं गॅलरीत निघतं ते मार्च-एप्रिलमध्ये. महाबळेश्वरला वेण्णा तलावाशी दव गोठलं की पेपरात फोटो येतो, एवढीच आपली गोठण्याशी ओळख. त्यामुळे थंडीत, सगळीकडे बर्फ पडलेलं असताना, प्राणी तहानलेले असतील हे पटकन डोक्यात येत नाही. तुमच्या आलं, ते बरं झालं. इथे जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे 13 सेल्सियसच्या आसपास असतं आणि दिवसाचं कमालही सरासरीने शून्याखालीच राहतं. 30 जानेवारी 2019 ला मिनियापोलिसमध्ये उणे 33 झालं होतं. (मी सगळं सेल्सियसमध्येच लिहितेय, फॅरनहाइट अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही.)

आधी थेट उत्तर. डेकजवळ बाहेरचं सॉकेट असेल तर हीटेड बाउल, म्हणजे विजेवर पाणी गोठू न देणारं भांडं घ्या. सॉकेट नसेल तर दिवसभर पाणी पातळ ठेवायचा हट्ट सोडा आणि रोज ठरलेल्या दोन वेळांना कोमट पाणी द्या. मांजरं वेळ फार लवकर शिकतात. अर्धा-पाऊण तास पाणी पाण्यासारखं राहिलं तरी त्यांचं काम होतं.

"बर्फ आहे की खायला" असं शेजारी म्हणतील. खातात, नाइलाज झाला की खातात. पण हिशेब बघा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं, आणि कोरडं खाणं असेल तर ते जवळजवळ सगळं पिऊनच मिळवावं लागतं, कारण ड्राय फूडमध्ये पाणी दहा टक्क्यांच्या आसपासच असतं. ताज्या भुसभुशीत बर्फात आकारमानाच्या जेमतेम दहावा हिस्सा पाणी निघतं. म्हणजे दोन लिटर बर्फ खायचं. एक ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी उष्णता लागते, आणि ते पाणी अंगाच्या तापमानाला आणायला आणखी 38. आपण आहारात म्हणतो त्या किलोकॅलरीत मोजलं तर 200 मिलीसाठी जवळपास 25 होतात. त्या मांजराची दिवसाची गरज 200 ते 250 किलोकॅलरी. म्हणजे खाल्लेल्यातला दहावा हिस्सा नुसता बर्फ वितळवण्यात आणि तापवण्यात गेला, तोही अंग गरम ठेवायला प्रत्येक घास हवा असतो अशा दिवसांत.

दुसरं असं की मांजर मुळात तहानेच्या बाबतीत ढिम्म प्राणी. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजरापासून ही आलेली, त्यामुळे लघवी घट्ट करून पाणी वाचवायची ताकद आहे, पण पाणी शोधत फिरायची घाई नाही. कमी पाण्यावर दिवस काढतात आणि मग बोक्यांची लघवी तुंबते. रस्त्यावरच्या बोक्याची लघवी तुंबली तर ते आपल्याला कळतसुद्धा नाही.

आता बाउल. चांगला हीटेड बाउल थर्मोस्टॅटचा असतो, पाणी गोठायच्या बेताला आलं की चालू होतो. मांजराच्या आकाराचे बाउल बहुतेक 25 वॅटचे असतात. सतत चालू धरला तरी दिवसाला 0.6 युनिट, महिन्याला 18 युनिट. बिलात शोधावं लागेल इतकंच. वायरवर स्टीलची गुंडाळी असलेलाच घ्या, खारी आणि उंदीर साधी वायर कुरतडतात. सॉकेट जीएफसीआयचं हवं, म्हणजे ते मधलं टेस्ट-रीसेट बटणवालं, आणि एक्स्टेन्शन कॉर्ड लागली तर ती बाहेर वापरण्यासाठी बनवलेलीच घ्या. दोन वायरींचा जोड जमिनीवर सोडू नका, वितळलेलं बर्फ त्यात जातं. विटेवर किंवा डेकच्या खांबावर उचलून बांधा. माणसांचं पाठ शेकायचं हीटिंग पॅड भांड्याखाली सरकवायची कल्पना कुणी दिली तर ऐकू नका. ते बाहेरच्या ओलीसाठी बनवलेलंच नसतं.

दोन गोष्टी बाउलच्या खोक्यावर लिहिलेल्या नसतात. इथली हिवाळ्यातली हवा इतकी कोरडी की गरम पाणी भराभर उडून जातं, म्हणून रोज भरावं लागतं. आणि उणे 20 च्या खाली जोरात वारा असला की 25 वॅट पुरत नाहीत, कडेने बर्फ धरतो. तेव्हाही खालचा आडोशाचा उपाय जोडीला ठेवायचा.

सॉकेट नसणाऱ्यांसाठी सगळा खेळ भांड्याचा आहे. पाणी उष्णता घालवतं ते मुख्यतः वरच्या उघड्या पृष्ठभागातून, आणि वारा त्याला घाई करतो. म्हणून पसरट ताटली सगळ्यात वाईट. खोल आणि तोंडाशी अरुंद भांडं घ्या, पण इतकं अरुंद नको की मिशा कडेला घासतील. पाणी जास्त घ्या. लिटरभर पाणी पूर्ण गोठायला वाटीभर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर जावी लागते, त्यामुळे मांजर एवढं पिणार नाही हे माहीत असूनही भांडं भरायचं. धातूचं भांडं नको, कडाक्याच्या थंडीत ओली जीभ चिकटते. चिनी मातीचंही नको. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि भांड्याला तडा जातो. शेतीच्या सामानाच्या दुकानात जनावरांसाठी जाड काळ्या रबराचे पसरट टब मिळतात, त्यातलं सगळ्यात लहान आणि खोल बघा. सकाळी उलटं करून वर पाय दिला की बर्फाची चकती सुटून येते, भांडं फुटत नाही. काळा रंग उन्हात थोडा तापतो, तो वरचा फायदा.

हे भांडं थर्माकोलच्या खोक्यात बसवा. औषधं किंवा गोठवलेलं मांस ज्यात येतं ते जाड खोकं उत्तम. झाकणाला मांजराचं डोकं आरामात जाईल एवढं भोक पाडा, आत भांड्याभोवतीची मोकळी जागा थर्माकोलच्या तुकड्यांनी भरून टाका, खाली वीट ठेवा म्हणजे उडणार नाही. इथला बोचरा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, तेव्हा घराच्या दक्षिण किंवा आग्नेय बाजूला भिंतीलगत ठेवा. पाणी कोमट घाला, अंघोळीच्या पाण्याइतकं. उकळतं घालू नका. त्याने फार काही जास्त टिकत नाही, आणि वाफेने मांजराच्या तोंडावरचे केस ओले होतात. उघड्या ताटलीवर उणे 15 ला अर्ध्या-पाऊण तासात बर्फाची साय धरते, ती अशा खोक्यात काही तास धरत नाही. रात्रीची हमी मात्र यातही नाही.

वेळा: पहाटे ऑफिसला निघण्याआधी आणि संध्याकाळी अंधार पडताना. जेवणही तेव्हाच. शक्य असेल तर संध्याकाळच्या कॅन फूडमध्ये कोमट पाणी घालून पातळ पेज करा. मांजर जे पिणार नाही ते खाईल. कॅनमध्ये तसंही तीन चतुर्थांश पाणीच असतं. खाऊन झालं की ताटली उचला. गोठलेलं खाणं मांजर खात नाही, आणि रात्री उरलेल्यावर रकून नाहीतर कायोटी (कोल्ह्यासारखा इथला रानटी प्राणी) येतो. मांजरांसाठी पेंढ्याचं खोपटं केलं असेल तर पाणी त्याच्या आत ठेवू नका, सांडलं की पेंढा ओला होतो आणि ओल्या पेंढ्यात झोपणं उघड्यावर झोपण्याहून वाईट. दोन-चार हात दूर ठेवा.

साखर-मिठाचं आता. लिटरभर पाण्यात 340 ग्रॅम साखर घातली तर गोठणबिंदू जेमतेम दोन अंशांनी खाली जातो. म्हणजे गुलाबजामचा पाक करून उणे 2 पर्यंत मजल, चिमटीने काय होणार? मिठाचं तसंच. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ असतं, तेही उणे 2 च्या आसपास गोठतं, आणि ते पिऊन मांजर आणखी तहानेल. पिंगपाँगचा बॉल वाऱ्याने हलत राहतो आणि साय जमू देत नाही, हे ऑक्टोबरच्या रात्रींना खरं. जानेवारीत तो बॉलच बर्फात रुतून बसतो.

आणि एक गोष्ट अगदी ठणकावून. पाण्यात गोठू नये म्हणून दुसरं काहीही घालू नका. "पाळीव प्राण्यांना सुरक्षित" लिहिलेलं प्रॉपिलीन ग्लायकॉल हे गोठू न देणारं द्रवसुद्धा नाही. मांजरांच्या लाल रक्तपेशींना त्याने इजा होते, म्हणूनच अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) 1996 मध्ये मांजरांच्या खाण्यात ते वापरायला बंदी केली. गाडीच्या अँटीफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल तर सरळ विष आहे, चार किलोच्या मांजराला चहाचा सव्वा चमचा पुरतो. गोड लागतं म्हणून मांजर ते पितं असं सांगतात, पण मांजरांना गोड चवच कळत नाही. आजूबाजूचं सगळं गोठलेलं असताना गराजमध्ये तेवढंच पातळ थारोळं मिळतं, म्हणून चाटलं जातं असं मला वाटतं. स्वच्छ पाणी ठेवण्याचं हे एक मोठं कारण. गराजची जमीन पुसत चला, आणि मांजर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या देत चालताना दिसलं तर वाट बघू नका. पहिल्या तीन तासांत उपचार झाला तर आशा असते.

बाकी प्राण्यांचं माझं मत जरा कोरडं आहे. हरणं, ससे, खारी हिवाळा काढायला इथलेच आहेत, त्यांना आपल्या पाण्याची गरज नाही. हरणांना तर मुद्दाम काहीच ठेवू नका. एका जागी जमली की रोग पसरतो, आणि मिनेसोटात बऱ्याच काउंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) हरणांना खाऊ घालायला बंदी आहे. रकून कडाक्याच्या थंडीत बिळात पडून असतो, जरा ऊब आली की बाहेर येतो आणि तुमच्या मांजराच्या बाउलमध्ये हात धुऊन जातो. चालायचंच. रोज भांडं घासा म्हणजे झालं.

पक्ष्यांना मात्र पाणी ठेवाच. चिकडी हा इथला छोटा पक्षी, ती बर्फ टिपून भागवते, पण उघडं पाणी दिसलं की तीही येते, आणि दाण्यांकडे न फिरकणारे रॉबिन आणि सीडर वॅक्सविंग केवळ पाण्यासाठी येतात. पांढऱ्या बर्फात वॅक्सविंगचा थवा बघायला मिळणं हा या राज्याने दिलेला बोनस समजा. हीटेड बर्डबाथ किंवा साध्या बर्डबाथमध्ये टाकायचा डी-आयसर (पाणी गोठू न देणारा छोटा हीटर) मिळतो. पाणी दोन इंचांहून खोल नको. फार थंडी असेल तेव्हा त्यात दगड भरून ठेवा, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजवता येणार नाही. आठवड्यातून एकदा रिकामं करून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यांनी धुवा आणि खळखळून विसळा. पक्षी दाटीने जमतात तिथे साल्मोनेला पसरतो. 2020-21 च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन या छोट्या पक्ष्यांचं त्याने फार नुकसान झालं होतं.

फक्त पक्ष्यांचं पाणी आणि मांजरांचं पाणी घराच्या दोन विरुद्ध बाजूंना. बर्डबाथ उंचावर, झुडपांपासून तीन-चार मीटर दूर, मांजराला दबा धरायला जागा राहणार नाही असं. बर्ड फ्लू मांजरांनाही होतो आणि 2022 पासून तो इथल्या पक्ष्यांत पसरला आहे. आजारी किंवा मेलेला पक्षी मांजराच्या तोंडी पडू नये हेही त्यात आलं.

तुमच्या दोघांचे कान बघा. डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर कुणीतरी नसबंदी करून सोडलेलं मांजर आहे, आणि बहुधा त्याला आणखी कुठेतरी खाणं मिळत असतं. कान अख्खे असतील तर कुणाचं पाळीव आहे का ते आधी शेजारी विचारा. नसेल तर नसबंदीची व्यवस्था करा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात दोनाची सहा होतील. आणि बाहेरच्या मांजरांना खाऊ घालण्याबद्दल तुमच्या शहराचा नियम काय आहे तो शहराच्या संकेतस्थळावर वाचून ठेवा, प्रत्येक उपनगराचा वेगळा असतो.

शेवटचं, कारण डिसेंबर आलाच. आपल्यातले बरेच जण नाताळच्या सुट्टीत तीन-चार आठवडे भारतात जातात, नेमके थंडी वाढते तेव्हा. सवय लावून निघून जाऊ नका. कुणी तरी बघणारं हवं, आणि ते माणूस आत्ताच ठरवा. त्यांना गराजचा कोड द्या. बाहेरचा नळ हिवाळ्यात बंद करून रिकामा केलेला असतो, त्यामुळे पाणी घरातून न्यावं लागेल हे सांगा. आणि बाउलच्या सॉकेटचा ब्रेकर पॅनेलमध्ये कुठला, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा.